कारणाचा रकाना

मी मनाम्यात उतरलो त्या वर्षी
आकाशात एकच माणूस होता.
पांढरा पायघोळ, अनवाणी, मुखवटा नाही.
अरब त्याला अबू रीह म्हणत,
आम्ही गुदैबियाच्या खोलीतली सात कोकणी पोरं
सरळ ‘वाऱ्याचा बाप’.
बुडती होडकी तो दोरीनं ओढून आणायचा,
मग धक्क्यावर बसून चारचौघांसारखा खजूर खायचा,
बिया समुद्रात थुंकायचा.

माझं काम काचेचं.
तो खालून गेला की खिडक्या तडकायच्या
आणि मुकादम ओरडायचा, ‘वांगडे, शिडी घे!’
पहिल्या वर्षी अकरा तावदानं.
लिहून ठेवलंय सगळं :
तारीख, गल्ली, लांबी, रुंदी, कारण.
इतिहास वगैरे मला कळत नाही.
वही आहे.

पुढं ते वाढले.
पूल झाला त्या सुमाराला पलीकडून दोघं जुळे आले,
एकाच्या अंगातून उजेड फुटायचा, एकाच्या अंधार.
त्यांची भांडणं म्हणजे आमचा ओव्हरटाइम.
मग मुखवटे आले, मुखवट्यांवर बँकेचं नाव,
मग विमा.
विम्याचा माणूस टाय सावरत विचारायचा,
‘ही काच वीरानं फोडली की वादळानं?’
वादळाचे पैसे मिळत नसत.
मी ‘वीर’ लिहायचो.
अल्ला माफ करो,
शमालच्या एका रात्रीत मी सहा वीर जन्माला घातले.

त्यांना हद्द नव्हती.
माझा पासपोर्ट कफीलच्या कपाटात.
कपाटाची काच मीच बसवलेली, पाच मिलिमीटर,
तीतून निळा कोपरा दिसायचा.

ब्याण्णव. एकोणिसावा मजला.
काच गेलेली, नुसती चौकट,
आणि चौकटीत तो येऊन बसला.
म्हातारा झालेला. तळहातात काचेचं कुसळ.
‘काढ,’ म्हणाला.
चिमट्यानं काढलं. रक्त आपल्यासारखंच,
थोडं बाहीला लागलं.
बाटलीतलं पाणी आम्ही अर्धं अर्धं प्यालो.
गाव कुठं, त्यानं विचारलं.
मी पूर्वेकडं बोट केलं : हर्णै.
समुद्र हाच, फक्त दुसऱ्या टोकाचा.
‘कोण आहे तिथं?’
बाबा आहेत, म्हटलं. तार आलीय. घरघर लागलीय.
तो उठला. ‘चल. इशाच्या आत पोचवतो.’

आणि मी, कासम वांगडे,
मी काय विचारावं?
‘एक्झिटचा शिक्का?’

गलबतं उचलणारा माणूस
खाली बघू लागला. मीही.
एवढ्या वरून माणसं मुंग्यांसारखी दिसतात म्हणतात.
नाही दिसत. फुटपाथवर एकजण
चप्पल शिवून घेत एका पायावर उभा होता.
त्या दिवशी मी चौकट दोनदा मापली,
दोन्ही वेळा चुकलो.

आता तो संग्रहालयात आहे.
म्हणजे पायघोळ आहे.
पेटीची काच माझीच, शेवटचं काम,
दहा मिलिमीटर, कडा घासलेल्या.
किती जहाजं, किती जीव, फलकावर सगळं आहे.
बाहीवरच्या तपकिरी ठिपक्याबद्दल काही नाही.
नवे वीर वरून जातात तेव्हा
तावदान थरथरतसुद्धा नाही.
शाळेची पोरं पेटीला नाक लावतात
आणि माझी काच धुरकट करून जातात.

गेल्या मंगळवारी मिळाला मला शिक्का. कायमचा.
विमानात खिडकीची जागा.
नखानं टकटक केली : काच नव्हेच, प्लास्टिक.
शेजारच्या पोराला सांगितलं,
त्यानं कानातलं काढलं नाही.

मग वही उघडली.
ब्याण्णव, एकोणिसावा मजला, चार बाय सहा,
रुंदी खोडून पुन्हा लिहिलेली.
कारणाच्या रकान्यात, साऱ्या वहीत एकदाच,
माझ्या अक्षरात ‘वादळ’.

पगारातून कापले होते त्यांनी. साडेसात दिनार.